टायरही एक चाळणीच

गाडीच्या टायरमध्ये साध्या हवेऐवजी नायट्रोजन भरला, तर दाब कमी उतरतो आणि टायर तापला तरी वाढत नाही, असं सांगितलं जातं. तो भरून देणाऱ्या बहुतेक यंत्रांच्या पोटात नायट्रोजनचा वेगळा साठा नसतो. यंत्र आजूबाजूची साधी हवाच ओढून घेतं. त्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो, २१ टक्के ऑक्सिजन असतो आणि उरलेल्या टक्क्यात मुख्यतः आर्गॉन. काँप्रेसर ही हवा दाबून पोकळ, बारीक तंतूंच्या जुडग्यातून पाठवतो. तंतूंच्या भिंतींतून ऑक्सिजन आणि पाण्याची वाफ भराभर निसटते, नायट्रोजन बराचसा आतच राहतो आणि दुसऱ्या टोकाला पोचतो. तिथून तो पाइपने टायरमध्ये जातो. काही यंत्रांत तंतूंऐवजी कार्बनचे सच्छिद्र दाणे असतात, पण काम तेच, हवा चाळण्याचं.

मला यातली सगळ्यात सुंदर गोष्ट ही वाटते, की गाडीचा टायरही रात्रंदिवस हेच काम करत असतो, फक्त फार सावकाश.

ट्यूबलेस टायरच्या आतल्या अंगाला ब्युटाइल जातीच्या रबराचा पातळ थर असतो. हवा धरून ठेवण्यात तो नैसर्गिक रबरापेक्षा कितीतरी सरस, पण पूर्ण बंद तोही नाही. वायूचे रेणू रबरात विरघळतात, त्याच्या लांबलचक साखळ्यांमधल्या फटींतून सरकत सरकत बाहेर येतात आणि हवेत मिसळून जातात. ऑक्सिजनचा रेणू नायट्रोजनपेक्षा जड, त्यामुळे तोच मागे पडेल असं वाटतं. पण या अरुंद वाटेवर वजनापेक्षा आकार जास्त महत्त्वाचा. ऑक्सिजनचा रेणू साधारण ०.३४६ नॅनोमीटरचा, नायट्रोजनचा ०.३६४. शिवाय ऑक्सिजन रबरात विरघळतोही जास्त. परिणामी तो तीन ते चार पट वेगानं पार होतो. साध्या हवेत त्याचा हिस्सा जेमतेम एक पंचमांश, पण रबरातून झिरपून जाणाऱ्या वायूत जवळपास निम्मा! दर एक-दोन महिन्यांनी हवा भरत राहिलं, की टायरमधलं नायट्रोजनचं प्रमाण आपोआप वाढत जातं.

याच्या उलटही घडतं. टायरमध्ये निव्वळ नायट्रोजन भरला, तर बाहेरच्या हवेतला ऑक्सिजन हळूहळू आत शिरू लागतो. आतला दाब बाहेरच्या तिप्पट असला तरी. प्रत्येक वायू फक्त स्वतःच्या वाट्याचा दाब पाहतो, आणि आत ऑक्सिजनचा दाब शून्य असतो.

मग फरक पडतो तरी किती? 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन नियतकालिकानं ३१ प्रकारचे टायर जोडीजोडीनं घेऊन हे मोजलं आणि २००७ साली आकडे प्रसिद्ध केले. जोडीतल्या एकात साधी हवा, दुसऱ्यात नायट्रोजन, सुरुवातीला दोन्हींत ३० पीएसआय (टायरमधला दाब मोजायचं एकक). सगळे टायर वर्षभर उघड्यावर ठेवले. वर्षाअखेरीस हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयनं उतरले, नायट्रोजनचे २.२ नं. फायदा खरा आहे, पण तो १.३ पीएसआयचा, तोही वर्षभर कोणी हवा तपासलीच नाही असं धरून. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या अंदाजानुसार चारही टायरमधला दाब सरासरी १ पीएसआयनं कमी झाला, तर मायलेज सुमारे ०.२ टक्क्यानं घटतं. म्हणजे इथे पाव टक्का. आणि खिळा रुतला किंवा व्हॉल्व्ह झिजला, तर हे सगळं गणित संपतं. ते भोक रेणूपेक्षा लाखो पटींनी मोठं असतं, त्यातून दोन्ही वायू सारखेच जातात.

"नायट्रोजन तापल्यावर फुगत नाही" हे मात्र साफ चूक आहे. गेजवर ३३ पीएसआय दिसत असेल, तर बाहेरच्या हवेचा १४.७ धरून आतला खरा दाब ४७.७. टायर २७ अंशांवरून ५७ अंशांवर गेला, की निरपेक्ष तापमान (सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणारं) ३०० चं ३३० होतं. दहा टक्के वाढ. गेज ३८ च्या जवळ जातं, मग आत नायट्रोजन असो वा कोरडी हवा.

खरी मेख 'कोरडी' या शब्दात आहे. काँप्रेसरच्या टाकीखाली एक छोटी तोटी असते. बरेच दिवस बंद असलेली ती तोटी उघडली, तर आधी तांबूस पाण्याची चिळकांडी उडते आणि मग हवा येते. हवा दाबली की तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं, आणि टाकी वेळच्या वेळी रिकामी केली नाही तर ते टायरमध्येही जातं. ३० अंशांना पाण्याच्या वाफेचा दाब असतो ०.६ पीएसआय, ६० अंशांना २.९. टायरमध्ये पाणी साचलं असेल, तर ही दोन पीएसआयहून जास्त भर वेगळी पडते. शर्यतीच्या गाडीला एवढा फरक महागात पडतो, म्हणून तिथे कोरडा नायट्रोजन लागतो.

विमानांत मात्र नायट्रोजन की साधी हवा हा जिवाचा प्रश्न आहे. ३१ मार्च १९८६ रोजी मेक्सिकाना कंपनीचं बोइंग ७२७ मेक्सिको सिटीहून उडालं आणि थोड्याच वेळात कोसळलं, विमानातले १६७ जण गेले. ब्रेक भयंकर तापला होता आणि त्या चाकात नायट्रोजनऐवजी साधी हवा होती. तापलेल्या रबरातून ज्वलनशील वायू सुटले, त्यांना आतला ऑक्सिजन मिळाला आणि टायरचा स्फोट झाला. आता मोठ्या विमानांच्या ब्रेक असलेल्या चाकांत ऑक्सिजन ५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही.

मोटारीत हे प्रमाण एका भरण्यात गाठताच येत नाही. हवा 'पूर्ण' सोडली तरी टायरमध्ये एक वातावरणाएवढी हवा उरतेच. तिच्यावर ९५ टक्के शुद्धतेचा नायट्रोजन भरला, तर ऑक्सिजन सुमारे दहा टक्के राहतो. पुन्हा सोडून पुन्हा भरलं, तर साडेसहा.

व्हॉल्व्हवर हिरवी टोपी, म्हणजे आत नायट्रोजन असल्याची खूण, आहे म्हणून दाब कमी असूनही नायट्रोजनची सोय शोधत तसेच फिरणारे लोक असतात. त्यांची मला काळजी वाटते, कारण कमी हवेत टायरची साइडवॉल, म्हणजे बाजूची भिंत, सारखी दुमडते, तापते आणि आतून खराब होते. पहिली सोय दिसेल तिथे साधी हवा भरून घ्यावी. ऑक्सिजन ५ टक्के असलेल्या टायरमध्ये ३ पीएसआय साधी हवा मिसळली, तर पाचाचे सहा होतात.