बालखेळाडूंची ध्येयनिश्चिती

नवोदित खेळाडूने ठरावीक मुदतीत काय साधायचे, ते कसे मोजायचे आणि त्यासाठी रोजच्या सरावात काय करायचे, हे प्रशिक्षकाने त्याच्याबरोबर बसून ठरवणे म्हणजे ध्येयनिश्चिती. क्रीडा मानसशास्त्रात या तंत्राचा भरपूर अभ्यास झाला आहे. तरीही मैदानावर ते पुष्कळदा ‘यंदा पदक आणायचेच’ एवढ्या एका वाक्यावर थांबते, आणि त्या वाक्याचे ओझे मुलाला हंगामभर वाहावे लागते.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडविन लॉक यांनी १९६८ मध्ये या विषयाची पायाभूत मांडणी केली. ‘जमेल तितके चांगले कर’ असे सांगण्यापेक्षा नेमके आणि अवघड ध्येय दिले, तर कामगिरी अधिक सुधारते, असे त्यांना आढळले. १९८५ मध्ये लॉक आणि गॅरी लॅथम यांनी हा विचार खेळांकडे वळवला. त्याच वर्षी रॉबर्ट वाइनबर्ग व सहकाऱ्यांनी सिटअप्सवर केलेल्या प्रयोगात मात्र ध्येय दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. अशा निष्कर्षांचे एक स्पष्टीकरण असे, की ज्यांना ध्येय दिलेले नसते तेही मनातल्या मनात स्वतःचा आकडा ठरवून टाकतात. प्रशिक्षकाच्या दृष्टीने ही बाब फार मोलाची आहे. मूल मैदानावर येते तेव्हा त्याच्या मनात काहीतरी आधीच ठरलेले असते. आपले ध्येय सांगण्यापूर्वी मुलाच्या मनात काय आहे, हे विचारून घ्यावे.

ध्येयांचे तीन प्रकार मानतात. स्पर्धा जिंकणे किंवा संघात निवड होणे हे निकालाचे ध्येय. स्वतःची आधीची वेळ, अंतर वा गुण सुधारणे हे कामगिरीचे ध्येय. आणि ती कामगिरी ज्या कृतींतून घडते, त्या नीट करणे हे प्रक्रियेचे ध्येय. आठ लेनच्या अंतिम शर्यतीत सुवर्णपदक हे एकच ध्येय ठेवले, तर उत्तम पोहलेली मुलेही अपयशी ठरतात, कारण शेजारच्या लेनमधला किती वेगाने पोहेल हे कोणाच्याच हातात नसते. लांब उडीचे उदाहरण घ्या. पाच मीटरची उडी हे कामगिरीचे ध्येय झाले. ‘दहा रन-अपपैकी आठ वेळा पाय फाऊल न होता बोर्डावर पडला पाहिजे’ हे प्रक्रियेचे ध्येय. जिथून उडी घ्यायची तो बोर्ड जेमतेम २० सेंटिमीटर रुंद असतो, त्यामुळे हे साधले की अंतरही बहुधा वाढते. शिवाय दहा वर्षांचे मूलही त्याची मोजणी स्वतः करू शकते. तिन्ही प्रकार लागतात, पण वय जितके लहान तितका भर प्रक्रियेवर हवा.

यामागे विकासाचे कारण आहे. साधारण अकरा-बारा वर्षांपर्यंत मुलांना मेहनत आणि क्षमता या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या करता येत नाहीत, असे मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी दाखवले. हा भेद कळू लागला, की तुलना अधिक बोचते. त्यात शरीराची वाढही सर्वांची सारखी होत नाही. उंची सर्वाधिक वेगाने वाढण्याचे सरासरी वय मुलींमध्ये बारा, तर मुलग्यांमध्ये चौदा वर्षांच्या आसपास असते, आणि एकाच वयोगटातली दोन मुले शारीरिक पक्वतेत काही वर्षांनी पुढे-मागे असू शकतात. एकाच वर्षी जन्मलेल्यांतही फरक पडतो. रॉजर बार्न्सली व सहकाऱ्यांना १९८५ मध्ये कॅनडातील आइस हॉकीत वर्षाच्या पहिल्या तिमाहीत जन्मलेले, म्हणजे आपल्या गटात वयाने मोठे असलेले खेळाडू प्रमाणाबाहेर जास्त आढळले. अशा मुलांना एकाच मोजपट्टीला लावणे अन्यायाचे आहे. हातपाय झपाट्याने लांब होताना काहींचा समन्वय काही काळ बिघडतो आणि वेळ सुधारायची थांबते. त्या महिन्यांत घड्याळावरचे लक्ष्य बाजूला ठेवून तंत्राचे ध्येय घ्यावे आणि मुलाला कारणही समजावून सांगावे.

ध्येय किती अवघड असावे? खेळांतील अभ्यासांच्या १९९५ मधील एका एकत्रित विश्लेषणात मध्यम अवघड ध्येये सर्वाधिक उपयोगी ठरली. कौशल्य अगदी नवे असेल, तर आकड्याचे कठीण ध्येय शिकण्यात अडथळाही आणते. तेव्हा टेनिसमध्ये ‘सर्व्हचा चेंडू वर फेकण्याच्या तीन पद्धती करून पाहा’ असे शिकण्याचे ध्येय बरे. शब्दही जपून निवडावेत. ‘डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्ह चुकणे) करू नकोस’ म्हटले, की मन फॉल्टपाशीच अडकते. ‘दुसऱ्या सर्व्हला चेंडू नेटवरून उंच काढ’ असे म्हटले, तर काय करायचे ते कळते. मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांनी मांडलेली ‘जर-तर’ योजना इथे कामी येते: जर पहिला सर्व्ह चुकला, तर मी चेंडूचा दोनदा टप्पा पाडून श्वास सोडेन.

ठरवलेले ध्येय मुलाने स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या वहीत लिहावे. प्रशिक्षकाने लिहून दिलेला कागद बॅगेच्या तळाशी जातो. दोन-तीन ध्येये पुरेत, आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वही उघडून बोलणे झालेच पाहिजे. प्रत्यक्षात सर्वांत जास्त टाळाटाळ इथेच होते. ध्येय हुकले तर आधी ते वाजवी होते का, सराव पुरेसा मिळाला का, हे पाहावे आणि आकडा मोकळेपणाने बदलावा. पालकांनाही ही ध्येये माहीत असावीत, म्हणजे स्पर्धेनंतर घरी ‘कितवा आलास?’ याऐवजी ‘बोर्ड किती वेळा सापडला?’ असे विचारता येते.

दुखापतीच्या वेळी विशेष दक्षता लागते. ध्येयाच्या ओढीने मुले वेदना लपवतात. दुखणे लगेच सांगणे हेदेखील वहीतले एक ध्येय असावे, आणि डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत जुनी सर्व लक्ष्ये थांबवून त्या जागी व्यायामोपचाराची छोटी, मोजता येणारी ध्येये लिहावीत.