आठ करंडक आणि एक नारळ: लीड्समधला मॅकडरमॉटचा हिशेब

हेडिंग्ले हे नाव मराठी वाचकाला क्रिकेटमुळे ठाऊक असतं. १९५२ मध्ये इथेच भारताच्या दुसऱ्या डावाचा फलक शून्यावर चार बाद असा लागला होता आणि त्या चौघांत दत्ताजीराव गायकवाड, माधव मंत्री आणि विजय मांजरेकर असे तिघे आपले होते. (मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ केले होते, ते मात्र फारसं कुणी सांगत नाही.) १९८६ मध्ये वेंगसरकरांनी नाबाद शतक ठोकलं ते इथे. यॉर्कशायरने १९९२ मध्ये पहिल्यांदा बाहेरच्या देशातला खेळाडू घेतला, तो सचिन, आणि त्याचंही घरचं मैदान हेच.

या मैदानाला पाठ लावून दुसरं मैदान आहे. दोन्हींच्या मधली गॅलरी एकच. एका अंगाच्या खुर्च्या क्रिकेटकडे तोंड करून, दुसऱ्या अंगाच्या रग्बी लीगकडे. त्या दुसऱ्या अंगाला लीड्स ऱ्हायनोज हा क्लब खेळतो आणि तिथे गेली काही वर्षं एक वाद मिटता मिटत नाही. ब्रायन मॅकडरमॉट हा क्लबचा थोर प्रशिक्षक होता, की चांगल्या वेळी योग्य जागी बसलेला माणूस?

आकडे बघितले तर वाद व्हायलाच नको. २०११ च्या हंगामापासून २०१८ च्या जुलैपर्यंत त्याने सुपर लीग या देशातल्या सर्वोच्च स्पर्धेची चार विजेतेपदं, बाद पद्धतीने खेळले जाणारे दोन चॅलेंज कप, साखळीत अव्वल येणाऱ्याला मिळणारं एक लीग लीडर्स शील्ड आणि एक जागतिक क्लब अजिंक्यपद मिळवून दिलं. एकूण आठ करंडक. लीड्सच्या इतिहासात इतकी कमाई दुसऱ्या कुठल्या प्रशिक्षकाच्या नावावर नाही. तरी २ जुलै २०१८ रोजी त्याच्या हातात नारळ दिला गेला, तेव्हा हळहळणारे जितके होते तितकेच 'सुटलो' म्हणणारेही होते. हे कसं झालं ते समजायला थोडं मागे जावं लागतं.

रग्बी लीगचा जन्म १८९५ चा. २९ ऑगस्टला हडर्सफील्डच्या जॉर्ज हॉटेलात उत्तर इंग्लंडचे क्लब जमले आणि रग्बीच्या मूळ संघटनेतून बाहेर पडले. कारण पैशाचं होतं. खाणीत नाहीतर गिरणीत राबणाऱ्या माणसाने सामन्यासाठी पाळी बुडवली तर त्या दिवसाची मजुरी भरून द्यावी, एवढीच मागणी होती; ती दक्षिणेकडच्या साहेबांना मान्य नव्हती. पुढे नियमही बदलले. संघात तेरा जण, आणि चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकलची, म्हणजे सहा वेळा पकडलं जाईपर्यंतची मुदत. गिरणगावात खेळ कसा जीव की प्राण होतो हे परळ-लालबागच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

लीड्स हा त्यातला मोठा, श्रीमंत आणि बराच काळ हिरमुसलेला क्लब. १९७२ नंतर थेट २००४ पर्यंत, म्हणजे ३२ वर्षं, त्यांना देशाचं विजेतेपद मिळालं नव्हतं. कोंडी फोडली ती घरच्या पोरांनी. केव्हिन सिनफील्ड १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी पहिला सामना खेळला. डॅनी मॅग्वायर आणि रॉब बरो २००१ मध्ये आले, आणि त्यांना संधी देणारा प्रशिक्षक होता डॅरिल पॉवेल. हे नाव लक्षात ठेवा, पुढे दोनदा लागणार आहे. पॉवेलने रोपं लावली आणि फळं लागायच्या आधी बाजूला झाला. टोनी स्मिथने २००४ आणि २००७ मध्ये विजेतेपद आणलं, ब्रायन मॅक्लेननने २००८ आणि २००९ मध्ये. २०१० रिकामं गेलं, मॅक्लेनन गेला आणि मॅकडरमॉट आला.

त्याची ओळख काय होती? जन्म लीड्सचाच, पण खेळाडू म्हणून गाजला तो शेजारच्या ब्रॅडफर्डकडून, प्रॉप म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी म्हणून. आणि लीड्सवाल्यांना ब्रॅडफर्डचं किती वावडं! त्याआधी रॉयल मरीन्समध्ये सैनिक. मधल्या काळात लीड्सलाच टोनी स्मिथच्या हाताखाली सहायक, मग लंडनच्या हार्लेक्विन्सचा मुख्य प्रशिक्षक. तिथला संघ गुणतक्त्याच्या तळाशी घोटाळत असे. असा माणूस सिनफील्ड, पुढच्या फळीतला जेमी पीकॉक, मॅग्वायर, बरो यांच्या संघावर बसवला, तेव्हा 'आयत्या बिळावर नागोबा' हा शेरा ठरलेलाच होता. जिंकला तर संघाचं श्रेय, हरला तर याचा दोष.

२०११ मध्ये चौदा संघांत लीड्स पाचवे आले. सुपर लीगमध्ये गुणतक्त्यात पहिला येणारा विजेता ठरत नाही. वरचे संघ बाद फेरीत जातात आणि निकाल लागतो तो ऑक्टोबरातल्या एका रात्री, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. लीड्सने उपान्त्य फेरीत अव्वल असलेल्या वॉरिंग्टनला त्यांच्याच घरी २६-२४ असं हरवलं, शेवटी शेवटी सिनफील्डच्या बुटाच्या जोरावर. अंतिम सामना सेंट हेलेन्सशी.

त्या रात्रीचा एक क्षण हेडिंग्लेच्या गॅलरीत आजही हातवारे करून सांगितला जातो. मॅकडरमॉटने बरोला सुरुवातीच्या तेरा जणांत घेतलं नव्हतं, राखून ठेवलं होतं. हा माणूस उंचीने साडेपाच फुटांच्याही आत. भोवतीचे सगळे शंभर किलोच्या आसपासचे. मैदानात आल्यावर चेंडू हातात पडला तेव्हा समोर पकडायला टपलेली माणसं. तो वाकला, त्यांच्या हातांखालून निसटला, सरळ झाला आणि शेवटचा राखणदार वेलन्स यालाही वळसा घालून रेषेपलीकडे पोचला. लीड्स ३२-१६ ने जिंकले. सामनावीराच्या हॅरी संडरलँड करंडकासाठी पत्रकारांची ३७ मतं होती, ती सगळीच्या सगळी बरोला पडली. आता हा प्रशिक्षकाचा डाव म्हणायचा, की असा खेळाडू बाकावर बसवल्याची चूक खेळाडूनेच झाकली म्हणायची? वादाची मुळं इथपासूनची आहेत.

२०१२ मध्ये तीच पुनरावृत्ती. पुन्हा पाचवं स्थान, पुन्हा उपान्त्य फेरीत अव्वल संघ, या वेळी विगन, त्यांच्या मैदानावर १३-१२. अंतिम सामन्यात वॉरिंग्टन २६-१८, आणि त्यांचा प्रशिक्षक टोनी स्मिथ, म्हणजे मॅकडरमॉटचा जुना साहेब. त्याच वर्षी फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या मॅनलीला २६-१२ असं हरवून जागतिक करंडकही आला होता. मात्र दोन्ही वर्षी चॅलेंज कपचा अंतिम सामना गमावला.

टीकाकारांचं म्हणणं असं की वर्षभर रखडायचं आणि शेवटच्या चार आठवड्यांत जागं व्हायचं, याला प्रशिक्षण म्हणत नाहीत. ती सिनफील्ड-पीकॉकची जिद्द. मला हे अर्धवट पटतं. पण चार आठवड्यांत जागं होण्यासाठी खेळाडूंचे पाय ऑक्टोबरात ताजे राहावे लागतात, आणि नऊ महिने रेटलेल्या खेळात ते आपोआप होत नाही. एकदा झालं असतं तर योगायोग म्हणून सोडून दिलं असतं.

२०१४ मध्ये चॅलेंज कप आला, १९९९ नंतर पहिल्यांदा. वेम्बलीवर कॅसलफर्ड २३-१०. कॅसलफर्डचा प्रशिक्षक? डॅरिल पॉवेल.

मग २०१५. इथे विरोधकही बोलणं आवरतं घेतात. २९ ऑगस्टला, रग्बी लीगच्या बरोबर १२० व्या वाढदिवशी, चॅलेंज कपच्या अंतिम सामन्यात हल के. आर.चा ५०-० असा चुराडा झाला. टॉम ब्रिस्कोने एकट्याने पाच ट्राय केले, म्हणजे पाचदा चेंडू रेषेपलीकडे टेकवला, जे त्या सामन्यात आधी कुणी केले नव्हते. महिन्याभराने हडर्सफील्डला साखळीचा शेवटचा सामना १६-१६ वर अडकला. बरोबरी झाली असती तर शील्ड विगनला जाणार होतं. घड्याळात काही सेकंद उरले असताना मॅग्वायरने चेंडू पुढे मारला, रायन हॉल त्याच्या मागे सुटला, पायाने आणखी पुढे ढकलला आणि भोंगा वाजत असताना त्यावर झेपावला. २०-१६. ओल्ड ट्रॅफर्डला विगनशी २२-२०, आणि निर्णायक ट्राय जॉश वॉल्टर्स या फारसं नाव नसलेल्या राखीव पोराचा. तिन्ही करंडक एका वर्षात.

आणि मग तीन महिन्यांत घर रिकामं झालं. कर्णधार सिनफील्ड युनियन रग्बीकडे, म्हणजे रग्बीच्या त्या मूळ खेळाकडे गेला, पीकॉक आणि प्रॉप कायली लेउलुआई निवृत्त झाले. पैकी सिनफील्ड पाचशेहून जास्त सामने खेळलेला. नाताळच्या दुसऱ्या दिवशी एअर नदीला पूर आला आणि कर्कस्टॉलचं सरावाचं मैदान पाण्याखाली गेलं. संघ मिळेल त्या जागी सराव करत फिरू लागला. फेब्रुवारीत जागतिक क्लब लढतीत ऑस्ट्रेलियाच्या नॉर्थ क्वीन्सलँडकडून घरच्या मैदानावर ३८-४ असा मार बसला, आणि साखळी संपली तेव्हा तिहेरी विजेते नवव्या स्थानावर होते. त्या काळच्या पद्धतीप्रमाणे खालच्या चार संघांना दुसऱ्या श्रेणीतल्या संघांशी खेळून आपली जागा वाचवावी लागे. लीड्सने ती वाचवली, त्या गटात पहिलेही आले. पण वर्षापूर्वी वेम्बली आणि आता हे.

मॅकडरमॉटवरचा खरा आरोप माझ्या मते इथला आहे. पुराचं कारण फेब्रुवारीपुरतं चालतं, मार्चपर्यंत ओढता येतं. जुलैत पाणी कधीच ओसरलेलं असतं. तीन आधारस्तंभ एकाच वेळी जाणार हे क्लबला आधीच माहीत होतं. त्यांच्या जागी कोण, याची तयारी दिसली नाही. पण हा दोष एकट्या प्रशिक्षकाचा नव्हे; माणसं घेणं-सोडणं क्लबच्या कचेरीतून होतं. नारळ मात्र कचेरीला मिळत नाही.

आयत्या बिळाची गोष्ट सांगणाऱ्यांची अडचण होते ती २०१७ ची. त्या वर्षी कॅसलफर्ड भन्नाट खेळत होते, साखळीत दुसऱ्या आलेल्या लीड्सपेक्षा तब्बल दहा गुणांनी पुढे. पहिल्यांदाच अव्वल, पहिल्यांदाच ओल्ड ट्रॅफर्डच्या अंतिम सामन्यात, आणि बाकावर पुन्हा डॅरिल पॉवेल. सामन्याच्या आठवड्यात त्यांचा फुलबॅक, म्हणजे शेवटचा राखणदार, झॅक हार्डेकर अमली पदार्थाच्या चाचणीत सापडून बाहेर गेला, हे खरं. तोही आधी लीड्सचाच, २०१५ चा सर्वोत्तम खेळाडू. पण पावसात भिजलेल्या त्या रात्री लीड्सने ज्या थंड डोक्याने खेळ आवळला, त्यापुढे हार्डेकर असता तरी काय झालं असतं कोण जाणे. २४-६. सामनावीर मॅग्वायर. त्याचा आणि बरोचा लीड्सकडून तो शेवटचा सामना, दोघांचं प्रत्येकी आठवं विजेतेपद. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी ज्याने त्यांना बोट धरून मैदानात आणलं, तो पॉवेल समोरच्या बाकावरून बघत होता.

हे विजेतेपद सिनफील्डशिवाय आणि पीकॉकशिवाय आलं, नवव्या स्थानावरून एका वर्षात. चारही विजेतेपदांत मी हे मॅकडरमॉटच्या खात्यावर निःशंक लिहीन.

पुढचं थोडक्यात. २०१८ मध्ये जागतिक क्लब लढतीसाठी मेलबर्नला जाऊन पुन्हा ३८-४ ने हरले, नेमका तोच आकडा. हेडिंग्लेचं पाडकाम चालू असल्याने सुरुवातीचे घरचे सामने एलंड रोड या शहरातल्या फुटबॉलच्या मैदानावर. मग एकामागून एक पराभव आणि जुलैत निरोप. त्याच वेळी रग्बी संचालक म्हणून क्लबने परत बोलावलं ते सिनफील्डला.

त्यानंतर रिचर्ड एगरच्या काळात २०२० चा चॅलेंज कप आला. सुपर लीगचं विजेतेपद मात्र २०२५ च्या हंगामापर्यंत आलेलं नाही. सर्वांत जवळ गेले ते २०२२ मध्ये. साखळीत पाचवे आले, बाद फेरीत दोन सामने परक्या मैदानावर मारले आणि ओल्ड ट्रॅफर्ड गाठलं. समोर सेंट हेलेन्स, २०११ सारखेच. त्या आठवड्यात लीड्समध्ये ज्याच्या त्याच्या तोंडी 'पाचव्या स्थानावरून' हेच शब्द होते. सेंट हेलेन्स २४-१२ ने जिंकले.