उसण नव्हे, मणक्याला गेलेली चीर

सोलापूरची गड्ड्याची जत्रा उठता उठता भाची म्हणाली, "मामा, मागं वाकून कमान टाकली की कंबरेत कळ येते. पुढं वाकले तर काही नाही." वय 12, जिम्नॅस्टिक्सचं तिसरं वर्ष. शेजारच्या आजींचं निदान तयारच होतं : उसण भरलीय, पायाळू माणसाकडून लाथ मारून घ्या. साधी उसण चार दिवसांत आपली आपणच उतरते आणि श्रेय लाथेला जातं. भाचीच्या मात्र मणक्याला चीर गेली होती. असल्या पाठीवर लाथ म्हणजे शुद्ध अघोरीपणा.

ही चीर मणक्याच्या मागच्या बाजूच्या अरुंद हाडात पडते, बहुतेकदा कंबरेच्या पाचव्या, म्हणजे सगळ्यात खालच्या मणक्यात. डॉक्टर तिला स्पॉन्डिलोलायसिस म्हणतात. ती सहसा एका पडण्यानं पडत नाही. मागावर ताण्याचा धागा एकाच जागी घासत राहिला तर तिथंच तुटतो, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. खांदे आणि जांघा मोकळ्या असल्या की कमानीचा बाक अंगभर वाटला जातो. आखडलेल्या असल्या की सगळा कंबरेवर येतो. वाढीच्या वयात हाडं भराभर लांबतात, स्नायू मागे रेंगाळतात. सुरुवातीला एक्स-रे साफही येतो. हाडातली सूज एमआरआयमध्ये दिसते.

आधी विश्रांती : साधारण तीन महिने कमान, कोलांट्या, उड्या बंद. मग व्यायाम, आणि इथं माझा लाडका स्नायू येतो, मल्टिफिडस.

पाठीवर हात फिरवला की लागतात ते लांब, जाड स्नायू वेगळे. हा त्यांच्या खाली, मणक्यांना चिकटून असतो. त्याचे छोटे छोटे पट्टे दोन-चार मणके ओलांडून तिरके जातात. लांब स्नायू अख्खी पाठ उचलतात. शेजारच्या मणक्यावर मणका डळमळू नये, हे मल्टिफिडस बघतो. पाठ दुखू लागली की नेमका हाच मलूल पडतो आणि आटतो. 1996 साली ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियात, पहिल्यांदाच पाठ धरलेल्या मोठ्या माणसांमध्ये, तो अल्ट्रासाऊंडनं मोजला. चार आठवड्यांत बहुतेकांचं दुखणं गेलं, पण नुसत्या औषधावर राहिलेल्यांचा स्नायू 10 आठवड्यांनीही पुरता भरला नव्हता. खास व्यायाम केलेल्यांचा भरला. थोडक्यात, कळ थांबते तरी राखणदार झोपलेलाच असतो. अभ्यास मोठ्यांचा, पण मुलांच्या फिजिओथेरपीतही हाच धागा धरतात.

त्याला जागं कसं करायचं? चादर अंथरून भाची घोडा-घोडा खेळताना होतो तशी ओणवी होते. कंबरेवर पाण्यानं भरलेली वाटी. उजवा हात पुढं, डावा पाय मागं, 10 सेकंद. मग बाजू बदलून. पाय फार वर गेला की कंबर खचते, वाटी कलंडते. पहिल्या दिवशी चादर चिंब. बीमवर गिरक्या घेणाऱ्या पोरीला हे जमेना, म्हणून रडूही आलं. पुढं कुशीवर कोपर टेकून अंग उचलणं, उताणं झोपून कुल्हे उचलणं, जांघा ताणणं.

मागं वाकवणारं काही नाही. "योगानं पाठ सुधारते" म्हणत भुजंगासन, धनुरासन घालणाऱ्या काकांना हे पटत नाही. रीलवाल्यांच्या सिक्स पॅकचाही इथं फार उपयोग नाही. तो पोटाच्या दर्शनी भिंतीचा स्नायू. अर्थात रात्री झोपमोड करणारं दुखणं, ताप, पायाला मुंग्या किंवा लघवीवरचा ताबा जाणं यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून थेट डॉक्टर.

आता वाटी कलंडत नाही. सरांनी कमान मात्र अजून टाकू दिलेली नाही. भिंतीला पाठ टेकून दोन्ही हात सरळ वर न्यायला लावतात आणि कंबर भिंतीपासून किती सुटते ते बोटांनी मोजतात. काल दोन बोटं सुटली होती.