पार्श्वभूमी : मैलापाणी प्रक्रिया केंद्र सुरू होताना पालिकेचा ऑपरेटर हजर हवा, हा आग्रह कुठून आला

कात्रजचा तलाव, १८७९ चे खडकवासला, १९६१ ची पानशेत फूट हे पुणेकरांना पाठ आहे. पाणी शुद्ध करणारा माणूस शिकतो कसा, याची चर्चा मात्र फारशी झाली नाही. जलशुद्धीकरण केंद्रावर हेल्पर म्हणून लागलेला मुलगा जुन्या ऑपरेटरच्या हाताखाली तयार व्हायचा. पावसाळ्यात धरणाचे पाणी गढूळ झाले की जार टेस्ट लावायची. एकाच पाण्याच्या चार-सहा भांड्यांत तुरटीची मात्रा कमीजास्त ठेवून, आधी जोरात आणि मग हळू ढवळून, गाळ कुठे चांगला बसतो ते बघायचे. ही विद्या हाताने हाताला दिली जात होती आणि पिण्याच्या पाण्यापुरती ती बऱ्यापैकी पुरली.

मैलापाण्यात ती अपुरी पडली, कारण तिथे काम जिवाणू करतात. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यानंतर प्रक्रिया करणे बंधनकारक झाले. पुण्यात केंद्रे उभी राहायला बराच काळ गेला आणि हळूहळू भैरोबा नाला, नायडू, एरंडवणे, विठ्ठलवाडी, मुंढवा, बाणेर, खराडी अशी यादी ४७७ एमएलडी (दररोज दशलक्ष लिटर) क्षमतेपर्यंत गेली.

खरा वाद आहे तो ठेक्याचा. केंद्र उभारणारा ठेकेदारच ते सुरू करून देणार आणि पुढे चालवणारही तोच, ही पद्धत रुळली. जबाबदारी एकाकडे राहते, हे तिच्या बाजूचे म्हणणे खोटे नाही. पण किंमत मोजावी लागते ती शिकण्यात. टाक्यांची गळती तपासणे, मोटर उलटी फिरते का पाहणे, साध्या पाण्यावर सगळे चालवून बघणे, मग दुसऱ्या केंद्रातला जिवंत (जिवाणू असलेला) गाळ आणून टाकीत सोडणे आणि तो वाढेपर्यंत कित्येक आठवडे रोज मोजमाप घेणे, या काळात जो हजर असतो त्यालाच त्या केंद्राची निरोगी अवस्था माहीत होते. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरचा किती दाब ठीक, अर्ध्या तासात मोजमापाच्या काचेच्या सिलिंडरमध्ये गाळ कुठवर बसतो, विरघळलेला प्राणवायू किती राहतो, हे आकडे त्याच्या डोक्यात आणि लॉगबुकात असतात. ठेकेदाराचे कर्मचारी पगारासाठी दुसरीकडे गेले की ते आकडेही त्यांच्यासोबत जातात. नंतर टाकीवर फेस आला किंवा गाळ तरंगू लागला, तर शिफ्टवरचा माणूस तुलना कशाशी करणार? हवा कमी पडली, गाळ वेळेवर काढला नाही, की कुठून कारखान्याचे सांडपाणी आले, हे शोधायला आधीची नोंद लागते. ती नसेल तर हाताला येईल तो व्हॉल्व्ह फिरवला जातो.

२०१६ मध्ये जपानी कर्जाच्या आधारे ३९६ एमएलडीच्या अकरा नव्या केंद्रांना मंजुरी मिळाली आणि हा प्रश्न मोठा झाला. मानकेही कडक होत गेली. २०१७ च्या अधिसूचनेत महानगरांसाठी बीओडीची (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूची) मर्यादा २० मिलिग्रॅम प्रतिलिटर होती, २०१९ च्या आदेशाने ती १० पर्यंत खाली आणली. इतक्या कमी आकड्याला अंदाजाने केंद्र चालत नाही. तरीही प्रशिक्षण म्हणजे हस्तांतरणाच्या दिवशीचे दोन तास आणि इंग्रजी मॅन्युअल, असाच समज अनेक ठिकाणी टिकून आहे. तो चूक आहे. सुरुवातीच्या चाचण्यांची मराठी नोंदवही, आणि ती भरताना पालिकेचे कायम ऑपरेटर शेजारी, एवढे निविदेत लिहिणे अवघड नाही.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्यावर नांदेड, किरकटवाडी, धायरी भागात गिलेन-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा चर्चा पुन्हा पिण्याच्या पाण्याकडे वळली. पालिकेत समाविष्ट झालेल्या गावांना विहिरीचे पाणी नुसते क्लोरिन टाकून जात होते. नळाच्या टोकाला ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरिन उरला पाहिजे, हे सगळ्यांना ठाऊक असते. तो उरला नाही तर आधी क्लोरिन सोडणारा डोसर तपासायचा, मग विहिरीतला गढूळपणा, मग गळकी वाहिनी, हा क्रम मात्र शिकवावा लागतो. म्हणून व्हॉल्व्हमन आणि पंपचालकांनाही या प्रशिक्षणात घ्यायला हवे.