नेमलेला चिटणीस: बोल्शेविक पक्षातल्या पहिल्या विरोधाची पार्श्वभूमी

ट्रॉट्स्की विरुद्ध स्टालिन, एवढीच रशियाच्या बोल्शेविक, म्हणजे कम्युनिस्ट पक्षातल्या या वादाची ओळख आपल्याकडे बहुतेकांना असते. दोन माणसं, एक सत्ता, एकाचा विजय आणि दुसऱ्याचा मेक्सिकोत खून. मला हे चित्र नेहमीच अपुरं वाटत आलं आहे. हा वाद पेटला तेव्हा स्टालिन सरचिटणीस झालेला नव्हता आणि ट्रॉट्स्की तर विरोधकांच्या बाजूलाही नव्हता. सुरुवात झाली ती वरवर कारकुनी वाटणाऱ्या एका प्रश्नापासून: पक्षशाखेचा चिटणीस तिथल्या सभासदांनी निवडायचा, की मॉस्कोहून नेमून पाठवायचा?

रशियन भाषेत यावरून एक शब्दच रूढ झाला, 'नाझ्नाचेन्स्त्वो'. आपण नेमणूकशाही म्हणू. १९२० ते १९२३ या काळात पक्षातून जो जो आवाज उठला, त्याच्या तळाशी हा शब्द सापडतो.

१९१७च्या सुरुवातीला, झार अजून गादीवर होता तेव्हा, बोल्शेविक पक्षाचे सभासद जेमतेम २४ हजारांच्या घरात होते. मार्च १९२१मध्ये हाच आकडा ७ लाख ३२ हजारांवर गेला. मधल्या काळात क्रांती झाली, यादवी युद्ध झालं, शहरांत उपासमार आली. क्रांतीनंतरच्या पहिल्या दीड वर्षात कुठला माणूस कुठे आहे आणि कुणाला कुठे पाठवायचं हा हिशेब बराचसा याकोव स्वेर्दलोव या एका माणसाच्या डोक्यात असायचा. मार्च १९१९मध्ये तो वारला. त्याच महिन्यात भरलेल्या पक्षाच्या आठव्या काँग्रेसनं, म्हणजे अधिवेशनानं, पॉलिटब्युरो (धोरण ठरवणारं मंडळ), ऑर्गब्युरो (संघटनेचं काम पाहणारं मंडळ) आणि सचिवालय अशी पक्की व्यवस्था लावून दिली. तेव्हा केंद्रीय कचेरीत ३०च्या आसपास माणसं होती, दोन वर्षांत ती ६०२ झाली.

हे कुणाचं कारस्थान नव्हतं, हे इथेच सांगायला हवं. युद्धात एखादं शहर आज शत्रूच्या ताब्यात जायचं, महिन्याभरानं परत मिळायचं. तिथली कमिटी मारली गेलेली किंवा पांगलेली असायची. निवडणूक घेणार कोण आणि मतं देणार कोण? मग मॉस्कोहून रेल्वेनं माणसं यायची आणि कामाला लागायची. सभासदांनी हे समजून घेतलं होतं. त्यातच ज्या कामगारवर्गाच्या नावानं सत्ता घेतली, तो डोळ्यांदेखत विरत चालला होता. पेट्रोग्रादची (आजचं सेंट पीटर्सबर्ग) वस्ती २० लाखांच्या वर होती, ती १९२०पर्यंत सात लाखांच्या आसपास उरली. कामगार भाकरीच्या शोधात गावी परतले, लाल सेनेत गेले, नाहीतर नव्या सरकारच्या कचेऱ्यांत टेबलामागे बसले. शेजारच्या टेबलावर अनेकदा झारच्या काळचाच कारकून असायचा.

युद्ध ओसरू लागलं तरी नेमणुका थांबेनात, तेव्हा लोक बोलायला लागले. पहिला गट 'लोकशाही केंद्रवादी' म्हणवणाऱ्यांचा. त्यात घरं रंगवण्याचं काम करत पुढे आलेला तिमोफेई साप्रोनोव होता, अर्थतज्ज्ञ ओसिन्स्की होता, व्लादिमीर स्मिर्नोव होता. मार्च १९२०मध्ये युक्रेनच्या पक्ष परिषदेनं साप्रोनोवच्या विचारांची केंद्रीय समिती निवडून दिली. मॉस्कोनं ती बरखास्त केली आणि आपली यादी नेमली. निवडून आलेली समिती फक्त पटत नाही म्हणून मोडता येते, हा धडा तेव्हाच गिरवला गेला.

दुसरा गट 'वर्कर्स ऑपोझिशन'. मराठीत त्याचं शब्दशः भाषांतर केलं तर 'कामगारविरोधी' असा नेमका उलटा अर्थ निघतो, म्हणून मूळ नावच ठेवतो. अलेक्सांद्र श्ल्यापनिकोव हा त्याचा नेता धातुकामगार. त्यानं फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या कारखान्यांतही काम केलं होतं आणि क्रांतीनंतरचा पहिला कामगारमंत्री तोच होता. त्याच्याबरोबर अलेक्सांद्रा कोलोंताय. तिनं १९२१च्या आरंभी एक पुस्तिका लिहून मांडलं की उद्योगांचा कारभार कामगार संघटनांनी निवडलेल्या उत्पादकांच्या काँग्रेसकडे द्या, अधिकारी निवडून आणा, पक्षात टीका करण्याची मोकळीक द्या. ट्रॉट्स्की या वेळी दुसऱ्या टोकाला होता. कामगार संघटना सरकारी यंत्रणेत विलीन कराव्यात असं तो म्हणत होता आणि वाहतूक कामगारांवर वरून नेमलेले प्रमुख त्यानंच बसवले होते. पुढे नोकरशाहीविरुद्ध त्यानं जे लिहिलं ते मोलाचं आहे, पण हे पानही त्याच्याच वहीतलं आहे.

मार्च १९२१ची दहावी काँग्रेस हा या सगळ्या कथेचा कणा. ८ मार्चला ती मॉस्कोत सुरू झाली तेव्हा पेट्रोग्रादजवळच्या क्रोनश्टाट बंदरातल्या नाविकांनी बंड केलं होतं. सोव्हिएतांच्या, म्हणजे कामगार-सैनिकांच्या निर्वाचित मंडळांच्या, नव्यानं, गुप्त मतदानानं निवडणुका घ्या, ही त्यांची पहिली मागणी. काँग्रेसचे ३००च्या आसपास प्रतिनिधी सभा सोडून गोठलेल्या समुद्रावरून हल्ला करायला गेले. त्यात नेतृत्वाचे पाठीराखे होते तसे दोन्ही विरोधी गटांचे लोकही होते. सभागृहात नेमणूकशाहीवर तुटून पडलेली माणसं, काही दिवसांनी निवडणूक मागणाऱ्यांवर बंदुका घेऊन बर्फावर चालत होती. या प्रसंगाशी मी दर वेळी अडखळतो. त्यांचा प्रामाणिकपणा खोटा नव्हता. पण त्यांना हवी असलेली लोकशाही पक्षाच्या दारापर्यंतच होती.

शेवटच्या दिवशी, १६ मार्चला, पक्षाच्या ऐक्याचा ठराव आला. वेगळं व्यासपीठ घेऊन उभे असलेले सगळे गट ताबडतोब विसर्जित करायचे. सातवं कलम गुप्त ठेवलं गेलं. त्यानुसार केंद्रीय समितीच्या सदस्यालासुद्धा दोन तृतीयांश मतांनी पक्षातून काढता येणार होतं. हे शस्त्र उद्या आपल्यावरही चालेल असं वाटतंय, तरी मी बाजूनं मत देतो, असं पक्षातला एक नेता कार्ल राडेक बोलून गेला. जुना मार्क्सवादी अभ्यासक र्‍याझानोवनं आणखी पुढे जाऊन दुरुस्ती सुचवली की यापुढे काँग्रेसच्या निवडणुका भूमिकांवर लढवण्यालाच बंदी करा. लेनिननं ती फेटाळली. मूलभूत प्रश्नावर मतभेद झाले तर पक्षापुढे जाण्याचा हक्क हिरावून घेता येणार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. बंदी त्या आणीबाणीपुरतीच असावी अशी अनेकांची समजूत होती. ती कधीच उठली नाही. याच काँग्रेसनं पक्षात कामगार लोकशाही आणण्याचा ठरावही केला. दोनपैकी कोणता ठराव टिकला, हे समजायला दोन महिने पुरले.

मे १९२१मध्ये धातुकामगार संघटनेची काँग्रेस भरली. तिथे नेतृत्वासाठी केंद्रीय समितीनं आपली यादी पाठवली. काँग्रेसमधल्या कम्युनिस्ट प्रतिनिधींनी ती १२० विरुद्ध ४० मतांनी नाकारली. केंद्रीय समितीनं मतदान बाजूला सारलं आणि आपली माणसं नेमली. श्ल्यापनिकोव तेव्हा स्वतः केंद्रीय समितीत होता. त्यानं राजीनामा देऊ केला, तो स्वीकारला गेला नाही. त्याच महिन्यात कामगार संघटनांच्या अखिल रशियन काँग्रेसमध्ये, पुढारी नेहमीच्या निवडपद्धतीनंच यावेत असं सांगणारा र्‍याझानोवचा ठराव मंजूर झाला. र्‍याझानोवला संघटनेच्या कामातून बाजूला केलं आणि ठराव रोखला नाही म्हणून संघटनांचा प्रमुख तोम्स्की याची रवानगी मध्य आशियातल्या तुर्कस्तान प्रांतात झाली. ऑगस्टमध्ये सातवं कलम वापरून श्ल्यापनिकोवलाच काढण्याचा प्रयत्न लेनिननं केला. दोन तृतीयांश मतं जमली नाहीत म्हणून तो वाचला.

एप्रिल १९२२मध्ये स्टालिन सरचिटणीस झाला. त्याच्या हाती आलेलं यंत्र आधीच फिरत होतं, त्यानं ते तेलपाणी करून पूर्ण क्षमतेनं चालवलं. सचिवालयाच्या नोंदणी आणि नेमणूक विभागातून १९२२-२३च्या एका वर्षात दहा हजारांच्या वर नेमणुका झाल्या. साखळी अशी: सचिवालय जिल्ह्याचा चिटणीस नेमणार. तो चिटणीस जिल्हा परिषदेत कोण येईल ते पाहणार. ती परिषद काँग्रेसचे प्रतिनिधी पाठवणार. काँग्रेस केंद्रीय समिती निवडणार आणि समिती सचिवालय. कुठेही नियम मोडलेला नाही, सगळीकडे हात वर होतात, ठराव मंजूर होतात. नको असलेल्या माणसासाठी तुरुंगाची गरज नव्हती, बदलीचा कागद पुरेसा होता. कोलोंतायला नॉर्वेच्या वकिलातीत पाठवलं, युक्रेनच्या सरकारचा प्रमुख राकोव्स्की याला लंडनच्या.

लेनिनला हे उशिरा का होईना दिसलं. मार्च १९२२मध्ये त्यानं काँग्रेसलाच विचारलं की मॉस्कोत ४,७०० जबाबदार कम्युनिस्ट आहेत आणि समोर नोकरशाहीचा हा अवाढव्य ढिगारा आहे, तर कोण कुणाला चालवतंय? डिसेंबर १९२२पासून अंथरुणावरून सांगून लिहवलेल्या टिपणांत स्टालिनला सरचिटणीसपदावरून हलवण्याची सूचना आहे. १० मार्च १९२३च्या पक्षाघाताच्या झटक्यानं त्याची वाचा गेली.

त्या वर्षी उन्हाळ्यात कारखान्यांतले पगार थकले, मालाच्या किमती चढल्या आणि धान्याच्या पडल्या, संपांची लाट आली. पक्षातलेच काही छुपे गट संपवाल्यांत सापडले. तेव्हा गुप्त पोलिसांचा प्रमुख जेर्झिन्स्की यानं सुचवलं की पक्षातल्या गटबाजीची खबर गुप्त पोलिसांना देणं प्रत्येक सभासदावर बंधनकारक करा. इथे ट्रॉट्स्कीचा बांध फुटला. ८ ऑक्टोबरला त्यानं केंद्रीय समितीला पत्र लिहिलं: युद्धाच्या ऐन धामधुमीतही नेमणुकांचं प्रमाण आजच्या एक दशांशसुद्धा नव्हतं. १५ ऑक्टोबरला ४६ जणांचं निवेदन आलं. प्रेओब्राझेन्स्की, प्याताकोव, सेरेब्र्याकोव, अंतोनोव-ओव्सेयेन्को, शिवाय साप्रोनोव, ओसिन्स्की, स्मिर्नोव हे जुने लोकशाही केंद्रवादी. पक्षाची दोन भागांत फाळणी झाली आहे, असं त्यांनी लिहिलं. एकीकडे वरून नेमलेली चिटणिसांची उतरंड, दुसरीकडे गप्प बसलेली सामान्य मंडळी. सभासद आपली शंका सभेत बोलायला घाबरतात, इतकंच काय, समोरचा तोंड मिटून ठेवील याची खात्री नसेल तर खासगीतही बोलत नाहीत. क्रांतीला जेमतेम सहा वर्षं झाली होती.

केंद्रीय समितीच्या विस्तारित बैठकीत निवेदनाचा निषेध झाला, १०२ विरुद्ध २, तटस्थ १०. तरीही बाहेर खदखद एवढी होती की ७ नोव्हेंबरला पक्षाचं मुखपत्र 'प्रावदा'नं चर्चेला पानं मोकळी केली आणि ५ डिसेंबरला पॉलिटब्युरोनं पक्षांतर्गत लोकशाहीचा ठराव केला. मॉस्कोतल्या विद्यार्थी शाखांत आणि सैन्यातल्या शाखांत रात्र रात्र सभा चालल्या. त्या सभांत ट्रॉट्स्की नव्हता. ऑक्टोबरात बदकांच्या शिकारीला गेला असता दलदलीत भिजून त्याला ताप भरला, तो उतरेना. सभा साप्रोनोव आणि प्रेओब्राझेन्स्की गाजवत राहिले. पण साखळीच्या प्रत्येक कडीशी त्यांची मतं गळत गेली. जानेवारी १९२४च्या तेराव्या परिषदेत विरोधकांच्या बाजूनं मतं पडली तीन. 'निम्नमध्यमवर्गीय विचलन' असा शिक्का बसला आणि सातवं गुप्त कलम जाहीर केलं गेलं. परिषद संपल्यावर तीन दिवसांनी लेनिन गेला. त्याच्या नावानं झालेल्या भरतीत दोन लाखांवर नवे सभासद आले. त्यातल्या बहुतेकांनी पक्षातला मोकळा वाद कधी पाहिलाच नव्हता.

पुढचा भाग अधिक परिचित आहे. १९२६मध्ये झिनोविएव आणि कामेनेव हे स्टालिनचे आधीचे साथीदार स्वतःच बाजूला पडल्यावर ट्रॉट्स्कीला येऊन मिळाले. ७ नोव्हेंबर १९२७ला, क्रांतीच्या दहाव्या वाढदिवशी, विरोधक आपले फलक घेऊन रस्त्यावर उतरले, त्यांना मारहाण झाली, फलक फाडले गेले. डिसेंबरात घाऊक हकालपट्टी झाली. दोनेक वर्षांपूर्वीपर्यंत याच यंत्राच्या बळावर राज्य केलेल्या झिनोविएवनं लगेच शरणागतीचा कागद लिहून दिला.

मला महत्त्वाचं वाटतं ते ख्रिस्तियान राकोव्स्कीचं पत्र. बल्गेरियन कुळातला हा डॉक्टर युक्रेनच्या सोव्हिएत सरकारचा प्रमुख होता, पुढे लंडन आणि पॅरिसमध्ये राजदूत. ऑगस्ट १९२८मध्ये आस्त्राखानच्या हद्दपारीत बसून त्यानं लिहिलं. त्यात स्टालिनला शिव्या नाहीत. त्याचा प्रश्न असा की सत्ता हाती आलेल्या वर्गाचं स्वतःचं काय होतं? काही जण कारभारी होतात. आधी तो फक्त कामातला फरक असतो, मग राहणीतला होतो आणि शेवटी माणसातला. ज्याच्या दिमतीला मोटार आहे, चांगलं घर आहे, नियमित सुट्ट्या आणि पक्षानं ठरवलेला कमाल पगार आहे तो कम्युनिस्ट, आणि कोळशाच्या खाणीत महिन्याला ५०-६० रूबल मिळवणारा कम्युनिस्ट, या दोघांचं सामाजिक स्थान एकच आहे का, असं तो विचारतो. नेमणुकीवरच्या भांडणाला आठ वर्षांनी मिळालेलं हे सर्वांत खोल उत्तर आहे.

श्ल्यापनिकोव, साप्रोनोव, स्मिर्नोव, प्रेओब्राझेन्स्की यांना १९३७मध्ये गोळ्या घातल्या. राकोव्स्कीला सप्टेंबर १९४१मध्ये, जर्मन फौजा जवळ येत असताना, ओर्योलजवळ. कोलोंताय वकिलातींत राहिली, गप्प राहिली आणि १९५२मध्ये अंथरुणात वारली.

पण १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला उरल भागातल्या वेर्खनेउराल्स्क तुरुंगात या विरोधकांची शेकडो माणसं एकत्र कोंडलेली असताना ती वाद घालत होती, हातानं लिहिलेली नियतकालिकं कोठडीतून कोठडीत फिरवत होती. २०१८मध्ये त्या तुरुंगाची दुरुस्ती चालू असताना एका कोठडीच्या फरशीखाली कागदांचा साठा सापडला. बारीक अक्षरात भरलेल्या, घड्या घालून लपवलेल्या वह्या होत्या. जर्मनीत हिटलर कसा आला आणि आपल्या पक्षाचं काय चुकलं, यावरचे लेख त्यात आहेत.