भिंग टेकवायचे कशावर?

मोतीबिंदू काढल्यावर नवे भिंग बसते ते नैसर्गिक भिंगाच्या पिशवीत. पिशवी फाटली, मार लागून सुटली किंवा पूर्वीच काढलेली असली, की दुसऱ्या शस्त्रक्रियेत आधार शोधण्यापासून सुरुवात. तशी कृत्रिम भिंग बसवण्याच्या विद्येची सुरुवातही दोन टप्प्यांतच झाली. लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात हॅरल्ड रिडली यांनी २९ नोव्हेंबर १९४९ला पहिला प्रयत्न केला. भिंग कायमचे डोळ्यात राहिले ते ८ फेब्रुवारी १९५०ला.

आपल्याकडे शिबिरांत कित्येक वर्षे पिशवीसकट भिंग काढून +१०च्या आसपासचा जाडजूड चष्मा हाती देत. त्यातून सगळे जवळजवळ सव्वापट मोठे दिसे. एकाच डोळ्याचे ऑपरेशन झालेल्याला तर दोन डोळ्यांची चित्रे जुळवताच येत नसत. अशांपैकी अनेकजण पुढे भिंगासाठी परत आले.

पहिला सोपा मार्ग बाहुलीच्या पुढच्या पोकळीत भिंग ठेवण्याचा. १९५०च्या दशकात तो रूढ झाला आणि बदनामही झाला. पारपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या, आतल्या पेशी एकदा गेल्या की परत येत नाहीत. पुढे आलेल्या बंद कड्यांच्या (ज्यांचे पाय वळून पुन्हा भिंगालाच जुळतात अशा) भिंगांनी त्या इतक्या मारल्या की पारपटले धुरकट झाली. नंतरची उघड्या कड्यांची भिंगे बरीच सुधारलेली आहेत, पण जुना डाग त्यांनाही चिकटला. दुसरा आधार परितारिकेचा, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा. नेदरलँड्सच्या यान वर्स्ट यांचे चिमट्याचे भिंग तिची घडी पकडून बसते. अमृतसरच्या डॉ. दलजित सिंग यांनी ते भारतात रुजवले. आता ते बहुधा परितारिकेच्या मागे लावतात, पारपटलापासून लांब.

तिसरा आधार श्वेतपटलाचा, म्हणजे डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीचा. १०-० जाडीच्या, म्हणजे अतिशय बारीक, पॉलिप्रॉपिलीन धाग्याच्या टाक्यांनी भिंग टांगत. काही वर्षांनी धागा झिजून तुटे आणि भिंग कलंडे. म्हणून कोणी जाड धागा घेतला, कोणी टाकाच टाळला. चेन्नईच्या डॉ. अमर अगरवाल यांनी २००७मध्ये फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचा, गोंद वापरला. जपानच्या शिन यामाने यांनी २०१७मध्ये मांडलेली युक्ती मला सर्वांत देखणी वाटते: ३० गेजच्या, म्हणजे अगदी बारीक, पोकळ सुयांतून भिंगाचे दोन्ही पाय बाहेर काढायचे, कॉटरीच्या (डागणी देणाऱ्या उपकरणाच्या) उष्णतेने टोके वितळवून बोंडे करायची आणि ती श्वेतपटलात ढकलायची. टाका नाही, गोंद नाही. मात्र सुयांचा कोन चुकला की भिंग तिरके बसते.

अमेरिकन नेत्रवैद्यक अकादमीने २००३मध्ये आणि पुन्हा २०२०मध्ये उपलब्ध पुरावे तपासले. दोन्ही वेळा कोणतीही एक पद्धत सरस ठरली नाही.