झाड न तोडताही खारफुटी मरते कशी? मुळांच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

ठाणे खाडीच्या काठावरच्या खारफुटीत रातोरात डेब्रिज, म्हणजे बांधकामाचा राडारोडा पडतो, कुणीतरी तक्रार करतं आणि ठरलेलं उत्तर येतं: ‘एकही झाड तोडलेलं नाही.’ विटाव्यापासून ऐरोली, वाशीपर्यंत हे उत्तर ऐकून लोकांचे कान किटले आहेत. पंचाईत अशी की ते अनेकदा खरंही असतं. झाड उभंच असतं, ते वाळतं नंतर. याचं कारण फांद्यांत सापडत नाही. त्यासाठी चिखलात पाहावं लागतं, आणि मूळ कशाला म्हणायचं या जुन्या वादातही थोडं शिरावं लागतं.

जमिनीखाली असतं ते मूळ, ही शाळेतली समजूत. ती पुरेशी नाही हे ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टसने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातच सांगून ठेवलं होतं. मूळ जागेवरून नव्हे, तर कामावरून ओळखा, असं त्याचं म्हणणं. सिकंदराच्या मोहिमेतून आलेल्या वृत्तांतांवरून त्याने आपल्याकडच्या वडाच्या पारंब्यांचंही वर्णन केलं. उपवासाच्या ताटातही हा घोळ आहेच: रताळं हे मूळ, पण शेजारचा बटाटा हे खोड. आलं-हळदही खोडच.

दुसरी समजूत, मूळ खालीच जातं. १८०६ मध्ये इंग्लंडमध्ये थॉमस नाइटने रुजणाऱ्या बिया फिरत्या चाकावर बांधून ठेवल्या. मुळं चाकाच्या बाहेरच्या दिशेला वाढली, कोंब आतल्या दिशेला. फिरत्या चाकाचा बाहेर फेकणारा जोर इथे गुरुत्वाकर्षणासारखं काम करत होता. म्हणजे एरवी मूळ गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने दिशा धरतं, हे त्यातून दिसलं. मग १८८८ पर्यंत जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ यांनी कडधान्यांच्या मुळांवरच्या गाठींमार्फत हवेतला नायट्रोजन झाडाला मिळतो हे सिद्ध केलं, आणि मुळाच्या कामांची यादी आणखी लांबली.

जीवशास्त्राच्या इतर शाखांनी तर हा शब्द हवा तसा वापरला. दाताचं मूळ दाताला जबड्यात धरून ठेवतं, शोषत काही नाही. मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतांचीही (नसांचीही) मुळं असतात. त्यांतली पुढची हालचालीचे संदेश नेतात आणि मागची संवेदना आणतात, हे फ्रान्समध्ये माजेंदीने १८२२ मध्ये दाखवलं. पण तो विषय वेगळा.

आता खाडीत येऊ. ठाणे खाडीत सर्वाधिक दिसते ती तिवर, खारफुटीचाच एक प्रकार. भरती-ओहोटीच्या चिखलात वरचा पातळ थर सोडला तर प्राणवायू जवळजवळ नसतोच. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यामुळेच. अशा जागी तिवरीची मुख्य मुळं खोल जात नाहीत, ती आडवी पसरतात. त्यांच्यापासून पेन्सिलीएवढ्या काड्या सरळ वर, हवेत निघतात. ही श्वसनमुळं. नाइटच्या नियमाच्या अगदी उलट यांची दिशा. जेमतेम दोन-तीन मीटर उंचीच्या एका झाडाला अशा १०,००० हून अधिक काड्या असू शकतात.

काडीच्या सालीवर बारीक रंध्रं असतात. त्यांतून हवा आत जाते, पाणी जात नाही. भरतीत काडी बुडाली की आतला प्राणवायू वापरला जातो, तयार झालेला कार्बन डायऑक्साइड पाण्यात विरघळतो आणि आतला दाब घटतो. ओहोटी लागून रंध्रं उघडी पडली की हवा आपोआप आत ओढली जाते. या मुळांचा श्वसनाशी संबंध १९व्या शतकाच्या अखेरीस जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञांनी ओळखला होता. प्रत्यक्ष मोजमाप १९५५ मध्ये पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं. खारफुटीच्या मुळांवरची रंध्रं ग्रीस लावून बुजवल्यावर चिखलातल्या मुळांमधला प्राणवायू दोन दिवसांत २ टक्क्यांवर किंवा त्याखाली आला.

डेब्रिज नेमकं हेच करतं, फक्त ग्रीसपेक्षा स्वस्तात. भरावाखाली काड्या गाडल्या की मुळं गुदमरतात. बांध घालून किंवा मोरी बुजवून पाणी कायमचं तुंबवलं तरी परिणाम तोच, कारण काड्यांना ओहोटीच मिळत नाही. कुऱ्हाड लागलेली नसल्याने पंचनाम्यात मात्र काही सापडत नाही.

मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या आदेशात तोडीइतकाच भर भरावावर दिला, तो या दृष्टीने महत्त्वाचा. राज्यभरात खारफुटी तोडण्यासोबत तिथे राडारोडा टाकण्यालाही मनाई झाली आणि सभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामावर बंदी आली. सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने हे संरक्षण कायम केलं. २०१५ मध्ये खाडीचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. पाहणी करणारे मात्र अजूनही बहुधा बुंधेच मोजतात. ओहोटीच्या वेळी चिखलात उतरून किती काड्या उघड्या आहेत आणि किती गाडल्या गेल्या, याची नोंद पंचनाम्यात झाली तर ‘एकही झाड तोडलेलं नाही’ हे उत्तर चालणार नाही.